ज्याचा त्याचा अर्थ

आवडत्या गाण्याच्या अर्थावरून दोन तरुण तासन्‌तास हुज्जत घालीत असलेले दिसले, म्हणजे सुशिक्षित वडील मंडळी सामान्यतः दोहोंपैकीं एक उद्गार काढतात. कोणी म्हणतो, "असल्या गाण्यांना कसला आला आहे अर्थ!" दुसरा, जो स्वतःस अधिक उदार समजतो, तो म्हणतो, "बाबांनो, भांडतां कशाला? कलेच्या प्रांतांत ज्याला जो अर्थ वाटेल तो त्याच्यापुरता खराच असतो." पहिल्या मताचा समाचार घेण्याचें फारसें कारण नाहीं, बॉब डिलन या गीतकारास २०१६ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तें मत उघडपणें मांडणें अवघड झालें आहे. दुसरें मत मात्र प्रतिष्ठा पावलें आहे. तें महाविद्यालयांतील व्याख्यानांतून ऐकूं येतें, ग्रंथपरीक्षणांतून छापलें जातें, आणि अभ्यास न केलेला विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत त्याचाच आश्रय घेतो. तें सौजन्याचें दिसतें, सहिष्णुतेचें दिसतें. आमच्या मतें तें या दोहोंपैकीं कांहींच नसून, विचाराच्या श्रमांतून अंग काढून घेण्याची ती एक सभ्य रीति आहे. आणि भांडणारे ते तरुण या उदार गृहस्थापेक्षां वाङ्मयाच्या मर्माशीं अधिक जवळ आहेत.

उदाहरणासाठीं लिव्हरपूल शहरांतून निघालेला 'बीटल्स' हा चौघांचा वृंद घेऊं. लेनन, मॅक्‌कार्टनी, हॅरिसन व स्टार हे ते चौघे. हा वृंद १९७० सालीं मोडला. लेनन १९८० सालीं व हॅरिसन २००१ सालीं निवर्तला. तरी त्यांच्या गीतांच्या अर्थाविषयींचे वाद शमलेले नाहींत. वृंद मोडल्यानंतर जन्मलेलीं मुलें ते वाद घालतात, व आपल्याकडील घरांतूनहि ते ऐकूं येतात. इतकी सामग्री दुसऱ्या कोणत्याहि लोकप्रिय गायकांविषयीं क्वचितच मिळेल.

पहिला प्रश्न असा कीं, अर्थाचा निर्णय गीतकारालाच कां विचारूं नये? १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्‌स क्लब बँड' या संग्रहांत 'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्‌स' हें गीत आहे. नांवांतील प्रमुख शब्दांचीं आद्याक्षरें घेतलीं कीं एल्. एस्. डी. हें त्या काळीं गाजत असलेल्या भ्रमोत्पादक द्रव्याचें नांव तयार होतें. एवढ्यावरून सबंध गीत त्या द्रव्याचें स्तोत्र आहे, असें म्हणणारा पक्ष निर्माण झाला. लेननचें म्हणणें असें कीं, आपल्या लहान मुलानें शाळेंतील ल्यूसी नांवाच्या मैत्रिणीचें चित्र काढून आणलें, त्यावरून तें नांव सुचलें. आणि आंतील अद्भुत सृष्टि लुई कॅरल याच्या अॅलिसच्या कथांवरून आली. येथें प्रकरण मिटावें. परंतु २००४ सालीं मॅक्‌कार्टनीनें एका मुलाखतींत, त्या द्रव्याशीं या गीताचा संबंध उघडच आहे, अशा आशयाचें विधान केलें. म्हणजे दोन सहकारीच साक्षीच्या पिंजऱ्यांत परस्परांविरुद्ध उभे!

याहून बोधप्रद उदाहरण १९६६ सालच्या 'गॉट टु गेट यू इन्टु माय लाइफ' या गीताचें आहे. तीस वर्षें जग तें प्रेमगीत म्हणून ऐकत आलें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रग्रंथांत मॅक्‌कार्टनीनें सांगितलें कीं, तें गांजाला उद्देशून होतें! मग तीस वर्षें तें प्रेमगीत म्हणून ऐकणारे चुकले काय? मुळींच नाहीं. गीताचा प्रसंग वेगळा आणि गीताचा अर्थ वेगळा. शेताला कोणतें खत घातलें हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. भाताची चव जेवणारानें सांगावयाची असते. उलट, कवीस आपल्याच शब्दांचा पूर्वेतिहास ठाऊक नसावा असेंहि घडतें. 'आय् अॅम द वॉल्‌रस' या गीतांतील वॉल्‌रस लेननने कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकांतील कवितेवरून घेतला; पण त्या कवितेंत कालवांना फसवून खाणारा तो दुष्ट प्राणी आहे, हें आपल्या ध्यानांत पुष्कळ उशिरां आलें, असें त्यानेंच १९८० सालीं सांगितलें. मूळ पुस्तक उघडून वाचणारा एखादा श्रोता तेवढ्यापुरता कवीच्याहि पुढें होता. तात्पर्य, कवि हा महत्त्वाचा साक्षीदार आहे; परंतु न्यायाधीश नव्हे.

येथपर्यंत आमचे उदार मित्र मान डोलावतील. अमेरिकेंतील विम्सट व बिअर्ड्‌स्ली यांनीं १९४६ सालीं हेंच प्रतिपादिलें, व फ्रान्समधील रोलाँ बार्थ यानें १९६७ सालीं ग्रंथकाराच्या मृत्यूचीच घोषणा केली, असे दाखलेहि ते देतील. पण घोटाळा नेमका येथें सुरू होतो. न्यायासनावरून कवि उठला, एवढ्यावरून न्यायालयच बंद झालें असें ठरत नाहीं. ज्या विम्सट-बिअर्ड्‌स्लींनीं कवीचा हेतु हा निकष नव्हे असें म्हटलें, त्यांनींच १९४९ सालीं, वाचकाच्या मनावर होणारा परिणाम हाहि निकष नव्हे, असा दुसरा निबंध लिहिला. आमच्या विद्वानांनीं पहिला निबंध उचलला आणि दुसरा सोयिस्करपणें विसरले.

'ज्याला वाटेल तो अर्थ' या सूत्रानें चाललें म्हणजे काय होतें, हें पाहण्यास १९६९ सालाकडे वळावें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत डेट्रॉइट येथील एका नभोवाणी-केंद्रावरून व मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांतून अशी आवई पसरली कीं, मॅक्‌कार्टनी १९६६ सालींच मोटार-अपघातांत मेला असून त्याच्या जागीं तोतया वावरत आहे, आणि ही गोष्ट उरलेल्या तिघांनीं गीतांतून व मुद्रिकांच्या वेष्टनांतून खुणांनीं सुचविली आहे. 'अॅबी रोड' या संग्रहाच्या वेष्टनावर चौघे रस्ता ओलांडीत आहेत. त्यांत मॅक्‌कार्टनी अनवाणी, म्हणून तो प्रेत! पांढऱ्या पोशाखांतील लेनन धर्मोपदेशक, काळ्या पोशाखांतील स्टार अंत्यविधि करणारा, साध्या कपड्यांतील हॅरिसन थडगें खणणारा. मागील मोटारीच्या पाटीवरील २८ हा आंकडा म्हणजे तो जगता तर त्याचें वय! वास्तविक त्या वेळीं त्याचें वय २७ होतें. पण त्यानें पुराव्याची किंमत कमी झाली नाहीं. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तेव्हां मेलेला मनुष्य जिवंत असल्याचें लोक मानीत होते. येथें जिवंत मनुष्य मेल्याचें मानूं लागले. नोव्हेंबरांत 'लाइफ' साप्ताहिकानें त्याची मुलाखत छायाचित्रांसह छापली. पण ती तोतयाचीच, असें म्हणण्यास कोणाची आडकाठी होती? जो अर्थ कोणत्याहि पुराव्यानें खोटा ठरूंच शकत नाहीं, तो अर्थ नव्हे. ती श्रद्धा आहे, आणि तीहि पोरकट.

ही करमणूक झाली. पण 'ज्याचा त्याचा अर्थ' हें तत्त्व नेहमींच करमणुकीवर थांबत नाहीं. त्याच वर्षीं, ऑगस्ट १९६९ मध्यें, कॅलिफोर्नियांत चार्ल्स मॅन्सन याच्या अनुयायांनीं लागोपाठ दोन रात्रींत सात माणसांची हत्या केली. खटल्यांत फिर्यादी पक्षानें असें मांडलें कीं, बीटल्सच्या १९६८ सालच्या शुभ्र वेष्टनाच्या संग्रहांत भावी वर्णयुद्धाचें भाकित आपणांसाठींच सांगितलें आहे, असें मॅन्सन मानीत होता, आणि 'हेल्टर स्केल्टर' या गीताचें नांव त्यानें त्या युद्धास दिलें होतें. तेच शब्द एका घरांतील शीतकपाटावर रक्तानें लिहिलेले आढळले. १९७१ सालीं तो दोषी ठरला. आतां उदार गृहस्थांस आमचा प्रश्न आहे. प्रत्येकाचा अर्थ त्याच्यापुरता खरा असेल, तर मॅन्सनचा अर्थ कोणत्या आधारावर नाकारणार? "त्याचें कृत्य राक्षसी होतें" हें उत्तर बरोबर आहे, पण तें कृत्याविषयींचें उत्तर आहे, अर्थाविषयींचें नव्हे. आमच्यापाशीं अर्थाविषयींचेंहि उत्तर आहे. इंग्लंडांतील जत्रांतून उंच मनोऱ्याभोंवतीं वळसे घेत खालीं उतरणारी घसरगुंडी असते, तिला 'हेल्टर स्केल्टर' म्हणतात. तेथल्या पोरासोरांना हें ठाऊक आहे. गीतांतील चढउतार त्या घसरगुंडीचे आहेत. त्यांत वर्णयुद्ध कोठेंहि नाहीं. हा अर्थ चूक आहे, असें छातीठोकपणें म्हणण्याची सोय ज्या तत्त्वानें नाहींशी होते, तें तत्त्व उदार नसून पंगु आहे.

दुसरीहि एक आपत्ति आहे. मे १९६७ मध्यें बी. बी. सी. या संस्थेनें 'अ डे इन द लाइफ' या गीताचें प्रक्षेपण बंद केलें; त्यांतील शब्द मादक पदार्थांस उत्तेजन देतात, असा अर्थ तेथील अधिकाऱ्यांनीं घेतला. एक शब्दप्रयोग संदिग्ध होता हें खरें. परंतु वृत्तपत्रांतील मृत्यूच्या बातमीपासून सुरू होणारें, रोजच्या जीवनांतील शून्यता दाखविणारें सबंध गीत त्या एका शब्दप्रयोगावर तोलणें योग्य कीं अयोग्य, हा वाद घालण्याजोगा प्रश्न होता. 'ज्याचा त्याचा अर्थ' म्हटलें कीं हा वादच संपतो. अधिकाऱ्यांचा अर्थ अधिकाऱ्यांपुरता खरा, श्रोत्यांचा श्रोत्यांपुरता खरा. आणि बंदीचा हुकूम ज्याच्या हातीं, त्याचा अर्थ अंमलांत! जेथून युक्तिवाद हद्दपार होतो, तेथें स्वातंत्र्य येत नाहीं. तेथें सत्ता येते. आपल्या देशांतहि नाटकें, चित्रें व पुस्तकें यांवर हरकती घेणारांची उणीव नाहीं. त्यांना 'तुमचा अर्थ चूक आहे' असें सप्रमाण सांगण्याची संवय आपण आपल्या मुलांना लावणार आहोंत कीं नाहीं?

मग न्यायासनावर कोणास बसवावयाचें? आमचें उत्तर जुनें आहे. मीमांसकांनीं ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याचीं साधनें सांगून ठेविलीं आहेत: आरंभ व शेवट यांचा मेळ, पुनःपुन्हां काय सांगितलें आहे, नवीन काय आहे, फल काय, प्रशंसेनें वा दृष्टान्तानें जोर कशावर दिला आहे, आणि युक्तीनें काय सिद्ध होतें. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभींच हीं साधनें पुढें ठेवून पूर्वाचार्यांशीं वाद केला. त्यांचा निर्णय कोणास मान्य असो वा नसो, 'ज्याला जशी गीता वाटेल तशी' असें म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. हीं साधनें गीतेस लागतात आणि तीन मिनिटांच्या गाण्यास लागत नाहींत, असें मुळींच नाहीं. मृत्यूच्या आवईस तीं लावून पाहावीं. त्या आवईला सबंध गीताचा आरंभ नाहीं, शेवट नाहीं, आहेत त्या केवळ सुट्या ठिणग्या.

शब्दांबाहेरची माहितीहि निरुपयोगी नाहीं. हॅरिसनच्या 'द इनर लाइट' या गीताचें वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्यें आपल्या मुंबईंतच भारतीय वादकांकडून मुद्रित करून घेतलेलें आहे. तो साज ऐकून आणि हॅरिसनची भारताविषयींची भक्ति आठवून आपल्यापैकीं कोणीहि म्हणेल, हा आमचा वेदान्त! परंतु शब्दांचा आधार 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाचा आहे. ही माहिती मिळतांच आपला अभिमान आवरून अर्थ दुरुस्त करणें, यालाच वाचन म्हणतात. 'माझ्यापुरता वेदान्तच' असें म्हणणारा मनुष्य गीत ऐकत नसून स्वतःलाच ऐकत आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक गीताचा एकच अर्थ असतो असें तुम्ही म्हणतां काय? नाहीं. ध्वनीचें तत्त्व ज्या देशांत आनंदवर्धनानें हजार वर्षांपूर्वीं मांडलें, तेथें असें कोण म्हणेल? ल्यूसीचें गीत बाललीलेचें म्हणून ऐकतां येतें, भ्रमाचें म्हणूनहि ऐकतां येतें. दोहोंनाहि गीतांत आधार आहे, आणि त्या दोहोंच्या ओढाताणींतच कदाचित् त्याची गोडी असेल. अर्थ अनेक असूं शकतात. परंतु अनेक म्हणजे वाटेल ते नव्हेत. एका वाड्याला चार दरवाजे असतात, म्हणून भिंतींतून आंत जातां येत नाहीं.

आतां त्या हुज्जत घालणाऱ्या तरुणांकडे पुन्हां पाहावें. त्यांतील एक म्हणतो, "तुझा अर्थ चूक आहे." दुसरा विचारतो, "कां?" पहिला एक ओळ दाखवितो, दुसरा त्याच्या पुढची ओळ दाखवितो. दोघांपैकीं कोणीहि प्रत्येकाचा अर्थ खरा मानीत नाहीं; मानीत असते तर भांडतेच कशाला? आपल्या मित्राच्या मतास उत्तर देण्याजोगी किंमत आहे, हें ते भांडून कबूल करतात. 'तुझें तुला, माझें मला' असें म्हणणारा गृहस्थ मात्र समोरच्याच्या मतास उत्तराचीहि योग्यता देत नाहीं.

आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी अशा वादांत रंगलेली दिसली, तर वडिलांनीं गाण्यास नाक मुरडूं नये आणि उदारपणाचा आव आणून वादहि मिटवूं नये. जवळ बसून एकच प्रश्न विचारावा: "हें तूं कोणत्या ओळीवरून म्हणतोस?" परीक्षेसाठीं मार्गदर्शिका पाठ करून आलेल्या शंभर विद्यार्थ्यांना या एका प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, हा आम्हां शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. त्या मुलांना तें येत असेल, तर तीं कोणत्या गाण्यावरून तें शिकलीं याची चौकशी मागाहून सावकाश करतां येईल.