नायट्रोजन प्लांट बिघडतो, पण दोष असतो कॉम्प्रेसरच्या हवेत. तो कसा?

एप्रिल २०२१. ऑक्सिजनसाठी देशभर धावाधाव सुरू होती. तेव्हा आयआयटी मुंबईने एक प्रयोग जाहीर केला. प्रयोगशाळेतल्या नायट्रोजन प्लांटमधला कार्बनचा चाळणीसारखा पदार्थ काढून त्याजागी झिओलाइट भरलं आणि त्याच यंत्रातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळवला. या निमित्ताने 'पीएसए प्लांट' हा शब्द घराघरात पोहोचला. पण हा प्लांट चालतो कॉम्प्रेसरच्या हवेवर, आणि त्या हवेची चर्चा फारशी झालीच नाही.

नायट्रोजन वेगळा कसा होतो?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाबाखालची हवा कार्बनच्या बारीक दाण्यांनी भरलेल्या टाकीत सोडली जाते. दाण्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन पटकन शिरून अडकतो आणि नायट्रोजन पुढे निघून जातो. थोड्या वेळाने दाब सोडला की अडकलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. तोवर शेजारची दुसरी टाकी काम सुरू करते. चिप्सच्या पाकिटांपासून औषधं आणि लेझर कटिंगपर्यंत अनेक ठिकाणी असा जागेवर बनवलेला नायट्रोजन वापरतात.

मग अडचण कुठे येते?

सगळा खेळ त्या छिद्रांचा आहे. ती तेलाने बुजली, तर दाणे सहसा पूर्ववत होत नाहीत, बदलावेच लागतात आणि ते महाग असतात. पाण्यामुळेही त्यांची क्षमता घटते.

पाणी येतं कुठून? हवेतूनच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे कोकणातला पावसाळा धरा. मिनिटाला १० घनमीटर हवा खेचणारा कॉम्प्रेसर अशा हवेबरोबर तासाला सुमारे १४ लिटर पाणी आत घेतो! हवा दाबून थंड केली की त्यातलं बरंचसं पाणी खाली साचतं. उरलेलं काढायला ड्रायर लागतो.

'ऑइल-फ्री' कॉम्प्रेसर घेतला की झालं?

नाही. कॉम्प्रेसरने स्वतः तेल मिसळलं नाही, तरी बाहेरच्या हवेत वाहनांचा, जनरेटरचा धूर असतोच. ७ बार दाबाला साधारण आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे तेवढ्या जागेतली घाणही आठपट होते.

हवा किती स्वच्छ हवी?

त्यासाठी आयएसओ ८५७३-१ हे मानक आहे. त्यात धूळ, पाणी आणि तेल या तिघांना वेगवेगळे वर्ग दिलेले आहेत. नायट्रोजन प्लांटसाठी अनेकदा '१.४.१' हा दर्जा मागितला जातो. यात मधला ४ म्हणजे दाबाखालच्या हवेचा दवबिंदू ३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी. शेवटचा १ म्हणजे एका घनमीटरमध्ये तेल जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रॅम.

बिघाड लवकर लक्षात का येत नाही?

धुळीचा फिल्टर तुंबला की दाबातला फरक वाढतो आणि मीटरवर दिसतो. तेलाची वाफ शोषणाऱ्या कार्बन फिल्टरचं तसं नसतं. तो भरून गेला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो आणि तेल गुपचूप पुढे सरकतं. हवा गरम किंवा ओली असेल, तर हा फिल्टर आणखी लवकर संपतो. पुढे नायट्रोजनची शुद्धता घसरते. ती टिकवायला जास्त हवा दाबावी लागते आणि वीजबिल वाढतं. दोष मात्र प्लांटला दिला जातो.

काय तपासायचं?

पाणी काढणारे ड्रेन खरंच चालतात का? ड्रायरनंतर दवबिंदू मोजला जातो का? कार्बन फिल्टर तासांचा हिशेब ठेवून बदलतात का? कॉम्प्रेसर हवा घेतो त्या जागेजवळ डिझेल जनरेटरचं धुराडं तर नाही ना?

हे चार प्रश्न ऑक्सिजन प्लांटलाही लागू आहेत. २०२१ मध्ये देशभरातल्या रुग्णालयांत शेकडो पीएसए प्लांट बसले. तिथेही झिओलाइटला ओलावा सोसत नाही. फरक इतकाच, की कारखान्यात शुद्धता घसरली तर माल वाया जातो आणि रुग्णालयात त्याच नळीच्या टोकाला रुग्ण असतो.