ते पत्र आम्ही छापतोय



गेल्या अंकात हाक दिली होती : अलीकडं काय वाचलंत, कसं वाटलं, ते आपल्या भाषेत लिहून पाठवा. एकवीस पत्रं आली. एक विजेच्या बिलाच्या पाठीवर आहे. एक इतकं लांब, की त्याचंच पुस्तक निघेल.

यातली चौदा पत्रं वाचून माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या अंगावर काटा आलाय. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, सगळ्यांचं रक्त पेटलेलं. कुठल्या पानावर पेटलं ते कुणी लिहीत नाही. ‘बलुतं’ काढून ‘उपरा’ घाला, ‘उपरा’ काढून ‘अक्करमाशी’ घाला, पत्राला काही फरक पडत नाही. दोघा बहाद्दरांनी तर मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलाय. याला हार घालणं म्हणतात. आणि हार घालायला आपल्याकडं पुतळे काय कमी आहेत? आपल्या आज्या-पणज्यांनी कागदावर अंगठे उठवले, कारण अक्षर त्यांच्यापर्यंत येऊच दिलं नव्हतं. आता अक्षर हातात आलं, तर पुस्तक न उघडताच मोबाइलवर अंगठा दाखवून मोकळे होणारे आपण!

उरलेल्या सात पत्रांसाठी हा अंक आहे.

गोदीत माझ्या टोळीत एक जोडीदार आहे. सातवी नापास. पाऊस आला की माल भिजू नये म्हणून जहाजाचं तोंड झाकतात, काम थांबतं, मुकादम चहाला जातो. तेवढ्या वेळात शेडमध्ये बसून त्यानं ‘गोलपिठा’ वाचला. नामदेव ढसाळांचा, १९७२ चा. त्याचं पत्र चार ओळींचं. म्हणतो, निम्मं कळलं नाही, पण जे कळलं नाही ते खोटं वाटलं नाही. आणि इतक्या शिव्या एका जागी छापून आलेल्या बघून आधी हसलो, मग हसू थांबलं. प्राध्यापक मंडळींनी ‘गोलपिठा’वर पन्नास वर्षांत ढीगभर लिहिलंय. असेल त्यात शहाणपण. पण गोणीचं वजन कारकून वहीत लिहितो, आणि ज्याच्या पाठीवर ती असते त्याला ते वहीशिवाय कळतं. मला पाठीवरचं मत पाहिजे.

दुसरं पत्र बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’वर. पुस्तक १९६३ चं. त्यातला रेल्वेतला कामगार परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. आमचा वाचक डोंबिवलीला खोली बघायला गेला होता. मालकानं आधी आडनाव विचारलं. आडनावावरून कळेना म्हणून गाव विचारलं. गावावरूनही कळेना, तेव्हा विचारलं, घरात देव कुठले ठेवणार? तो लिहितो, ‘बागुलांच्या माणसानं जात चोरली. मी चोरली नाही, तर खोली गेली. दोघांतलं शहाणं कोण ते ठरवता येईना, म्हणून कथा पुन्हा वाचली.’ बघा, असं लिहायचं असतं. प्रश्न घेऊन माणूस परत पुस्तकाकडं गेला.

‘फकिरा’वर एका पोरानं भांडणच काढलंय. १९५९ ची ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, याचा त्याला अभिमान आहे. पण आपल्या माणसांना वाचवायला फकिरा सरकारच्या स्वाधीन होतो, ते त्याला पटलेलं नाही. मला त्याचं पटत नाही. तरी पत्र अख्खं छापलंय, शुद्धलेखनाला हात न लावता.

आता ज्या पत्रावरून महिनाभर आमच्यात धुमश्चक्री चाललीय, त्याकडं येतो.

मॉलमध्ये दहा-दहा तास उभं राहून नोकरी करणारी एक बहीण आहे. तिनं बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलं आणि भावाला दिलं. भाऊ आपलाच कार्यकर्ता, वस्तीत दर रविवारी वाचन घेतो. त्यानं पुस्तकातली भूक वाचून दाखवली, मेलेली जनावरं वाचून दाखवली. बाबासाहेबांच्या शब्दाखातर बायांनी पोरं शाळेत घातली, ते तर दोनदा वाचलं. टाळ्या पडल्या. सुनांचं आलं तिथं पानं उलटली. सासुरवासाला कंटाळून पळालेल्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडाचा खोडा, नवऱ्यानं कापलेलं नाक, हे सगळं त्या पानांवर आहे. बहिणीनं विचारलं तर म्हणाला, ते जुन्या काळातलं. तिनं लिहिलंय : ‘आमच्या चाळीत दर शनिवारी रात्री ते पान उघडतं. पगाराच्या दिवशी तर जोरात. दादाला ऐकू येत नाही काय?’ नावं तिनं कुणाची घेतली नाहीत, पण चाळीत राहणाऱ्याला कळेल असं लिहिलंय.

मंडळातल्या दोघांनी सांगितलं, छापू नका. वयानं मोठ्या एका कार्यकर्त्यानं मला बोलावून समजावलं, ‘बाळा, घरातलं घरात. बाहेर मनुवादी टपून बसलेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला देतोस?’ त्यांनी चळवळीत लाठ्या खाल्ल्यात, म्हणून खाली मान घालून ऐकून घेतलं. उत्तर इथं देतोय.

ही भीती आजची नाही. १९७८ ला ‘बलुतं’ आलं, तेव्हा दया पवारांनाही आपल्यातल्याच शिकल्यासवरल्यांनी टोकलं : वर आलोय, आता तो उकिरडा कशाला उकरता? दगडू मारुती पवारानं तो उकरला, म्हणून पुढं कितीतरी जणांना आपलं जिणं लिहिण्याजोगं वाटलं.

बेबीताईंचं तर ऐका. फलटणला नवऱ्याबरोबर छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीचे कागद दुकानात बसून वाचायच्या. मग लिहायला लागल्या, आणि लिहिलेलं वीस वर्षं लपवून ठेवलं. घरच्यांपासून, नवऱ्यापासून. पुस्तक निघालं १९८६ ला. नवरा मारायचा, हे त्यांनी पुस्तकात नाही सांगितलं. २००८ साली इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत सांगितलं. ज्या धाकापायी वीस वर्षं त्यांना कागद लपवावे लागले, त्याच धाकापायी आता त्यांच्या वाचकाचं पत्र आम्ही लपवायचं? मग त्या बाईनं ते कागद बाहेर काढले कशाला?

आणि बाबासाहेबांचं नाव सांगून गप्प बसवणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचलं आणि मंडळ घाबरलं, काटछाट मागायला लागलं. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. दीड हजार प्रती, किंमत आठ आणे, दोन महिन्यांत खलास. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका लिहिली. किंमत जास्त आहे, दोन आणे, निदान चार आणे करा, हेही लिहिलं. (किमतीवर बोलणं हेही मतच. आमच्या अंकाच्या किमतीवर तिघांनी बोंब ठोकलीय.) मग १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यामागं आपलं उत्तर लावलं. विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा देणारा बाप आपला, आणि आपण बहिणीच्या दीड पानाला घाबरतो!

मनुवादी हसतील म्हणता? ते आपण गप्प बसलो तरी हसतात. शनिवारी रात्री उगारलेला हात मात्र त्यांचा नसतो.

पुढच्या अंकासाठी लिहाल, तेव्हा पान सांगा, माणूस सांगा, कुठं थांबलात ते सांगा. कंटाळा आला तर कंटाळा आला लिहा. आपल्या माणसाचं पुस्तक म्हणून कंटाळा येतच नाही असं नाही. पुस्तक सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या स्टॉलवरून घेतलंत, रद्दीत सापडलं, की कुणाचं ढापलंत, तेही चालेल. घरात अजून कुणी वाचलं, की तुमच्याच उशाखाली राहिलं, ते जरूर लिहा. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ पासून बाजारात आहे. त्यावर दोन पत्रं आली, दोन्ही पोरींची. एका तरी गड्यानं वाचून लिहावं, वाट बघतोय.

त्या बहिणीचं पत्र पान सातवर आहे. नाव तिच्याच सांगण्यावरून घातलेलं नाही. तिच्या भावाला मी पाळी संपल्यावर जाऊन भेटलो. म्हटलं, तुझं उत्तर लिही, जेवढी जागा तिला तेवढी तुला. पुढच्या अंकात दीड पान राखून ठेवलंय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.