ड्रम ‘जुना’, डिस्क ‘आधुनिक’? ब्रेकच्या इतिहासातील एक महागडा गैरसमज

१/ गाडीच्या मागील चाकांचे ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवण्याची हौस सध्या तरुण गाडीवाल्यांत बरीच दिसते. त्यामागचा युक्तिवाद एका ओळीचा असतो: ड्रम जुने, डिस्क आधुनिक. ही ओळ इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही आणि तिच्या भरवशावर घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो, असे माझे मत आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/ विषय सुचला तो अनुभवातून. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे एका मित्राच्या जुन्या हॅचबॅकमधून घाट उतरत होतो. वळणावर म्हैस आडवी आली. मित्राने ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग घसरून पुढे आला. गाडी थांबली तेव्हा तिचे तोंड आम्ही आलो त्या दिशेला होते आणि दरीकडचा कठडा हातभर अंतरावर. कोणाला खरचटलेही नाही, हे केवळ नशीब.

३/ त्याआधी आठवडाभरच त्याने एका गॅरेजमध्ये मागील ड्रमच्या जागी डिस्क बसवून घेतल्या होत्या. कॅलिपर दुसऱ्याच, अधिक जड गाडीचे होते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचे बल कसे वाटले जाईल, याचा विचार कोणी केला नव्हता. मित्र मात्र म्हणत राहिला, “पण डिस्क तर चांगली असते ना?” त्या ‘पण’चा इतिहास शोधायला मी बसले.

४/ आधी दोन्हींची रचना पाहू. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा पोकळ डबा. त्याच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात. पेडल दाबले की ते फाकतात आणि डब्याच्या आतील भिंतीवर घासतात. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी उघडी थाळी. तिला कॅलिपर चिमट्यासारखा धरतो आणि दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो.

५/ आता वयाचा प्रश्न. बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली. आतून फाकणाऱ्या शूंच्या ड्रम ब्रेकचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या लुई रेनो यांना दिले जाते आणि त्याचेही वर्ष १९०२ च आहे. ज्यांना आपण आजोबा आणि नातू समजतो, ती एकाच वयाची भावंडे आहेत.

६/ मग डिस्क अर्धे शतक मागे का राहिली? लँचेस्टर यांची कल्पना त्यांच्या काळातील साहित्याच्या पुढे होती. डिस्कवर घासण्यासाठी त्यांनी तांब्याचे अस्तर वापरले. धुळीच्या, कच्च्या रस्त्यांवर ते झपाट्याने झिजे आणि धातूवर धातू घासल्याने कर्कश किंचाळे.

७/ त्या आवाजावर उपाय निघाला तो हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने. ‘फेरोडो’ हे नाव त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांतून घडले. ड्रमच्या शूंनाही हेच अस्तर लाभले आणि अनेक दशके जगभरच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस राहिले. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग होतो हे मान्य होऊन ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ उजाडले. प्रगतीची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

८/ ड्रम जिंकला, कारण तो त्या काळाला अनुरूप होता. बंद डबा असल्याने चिखल आणि खडी आत शिरत नसे. शिवाय फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो. त्यामुळे पायाच्या थोड्या जोरात भरपूर काम होते. डिस्कला ही सवलत नाही. तिला मुळातच जास्त दाब द्यावा लागतो.

९/ ड्रमचे दुखणे म्हणजे उष्णता. वारंवार ब्रेक लावले की डबा तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. अस्तराची पकडही सैल होते. पेडल खाली जात राहते आणि गाडी थांबत नाही. लांब उतारावर ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

१०/ डिस्कचे भाग्य उजळले ते शर्यतीत. विमानांच्या चाकांसाठी विकसित झालेली डनलॉपची डिस्क जॅग्वारने आपल्या सी-टाइप गाडीला लावली. १९५३ च्या ले माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी तिच्यावर विजय मिळवला. जॅग्वारच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. ताशी १०० मैलांची सरासरी त्या शर्यतीत प्रथमच ओलांडली गेली.

११/ दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, मर्सिडीजची ३०० एसएलआर तेथे ड्रम ब्रेक घेऊन उतरली. ड्रमवरचा ताण हलका करण्यासाठी चालकाच्या पाठीमागे वाऱ्याला अडवणारे एक मोठे झाकण बसवले होते. वळण जवळ आले की ते उभे राही. ड्रमची मर्यादा दाखवणारे याहून बोलके चित्र सापडणे कठीण.

१२/ बहुतेक लोकप्रिय कथने येथे थांबतात: ड्रम हरला, डिस्क जिंकली. पण त्याच १९५५ साली पॅरिसमध्ये सिट्रोएन डीएस सादर झाली. तिच्या काळातील सर्वांत क्रांतिकारक मानली गेलेली ही मोटार. तिच्या पुढील चाकांना डिस्क होत्या आणि मागील चाकांना ड्रम. ज्यांनी बाकी सारे नव्याने कल्पिले, त्यांनी मागे ड्रमच ठेवले.

१३/ का, ते समजायला एस.टी.चा प्रवास आठवा. चालकाने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांकडे जातो. पुढे इंजिन असलेल्या छोट्या मोटारीत जोराने ब्रेक लावताना सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक काम पुढची चाके करतात. मागची चाके तेव्हा हलकी झालेली असतात. त्यांच्या ब्रेकला ना तेवढे काम, ना तेवढी उष्णता.

१४/ आणि हलक्या चाकावर ब्रेकचे बल जास्त पडले तर ते जाम होते. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. मागची आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते. आमचे घाटात नेमके हेच झाले. मागचा ब्रेक कमजोर होता म्हणून नव्हे, प्रमाणाबाहेर जोरदार होता म्हणून आम्ही कठड्यापर्यंत गेलो.

१५/ हँडब्रेकचेही पाहा. ड्रममध्ये एक केबल शू ओढते आणि काम होते. डिस्कसाठी कॅलिपरमध्ये वेगळी यंत्रणा लागते. काही गाड्यांत तर हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात छोटा ड्रमच बसवलेला असतो!

१६/ आपल्याकडे उत्तरपाड्याची अँबॅसडर आयुष्याचा मोठा काळ चारही ड्रमवर चालली. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनीही तशीच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्ता सोडला. ड्रमवर घाट उतरणारे जुने चालक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकत आणि इंजिनला ब्रेकचे काम करू देत. तंत्र यंत्राइतकेच चालकाच्या पायातही असते.

१७/ आता कथेचे ताजे वळण. फोक्सवॅगनच्या आयडी.३ या विद्युत मोटारीला मागे ड्रम ब्रेक आहेत. विद्युत गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते. मागचे ब्रेक क्वचित वापरले जातात, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते. बंद ड्रम गंजापासून जपला जातो आणि झिजेची धूळही आतच राखतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातली आहे. ‘कालबाह्य’ ड्रमला भविष्यकाळच बोलावतो आहे.

१८/ इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात सुचवले आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांऐवजी वापरावरून लिहावा. ब्रेकचा इतिहास असा लिहिला की प्रश्नच बदलतो. ‘कोणता ब्रेक नवा?’ हे विचारून उपयोग नाही. ‘कोणत्या चाकावर, कोणत्या कामासाठी?’ हे विचारावे लागते.

१९/ म्हणून डिस्क वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. जड, वेगवान गाडीला किंवा शर्यतीच्या धावपट्टीवर मागेही डिस्क हवीच. ती लवकर थंड होते, भिजली तर लवकर सुकते आणि पॅड बदलणे सोपे असते. मूळ रचनाच चार डिस्कची असेल तर प्रश्नच नाही. आक्षेप आहे तो अख्ख्या व्यवस्थेतला एकच तुकडा बदलण्याला.

२०/ कारण ब्रेक ही एक व्यवस्था आहे. मागे डिस्क आली की मास्टर सिलिंडरची क्षमता, मागील दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह, कॅलिपरच्या पिस्टनचा आकार, हँडब्रेक, सारे नव्याने जुळवावे लागते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

२१/ मित्राने शेवटी विचारले, “मग आता काय करू?” इतिहासाच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो! मी म्हटले, मूळ ड्रम परत बसव, नवे शू घाल, ब्रेक ऑइल बदल, पुढच्या डिस्क आणि पॅड तपासून घे, टायर पाहा. गॅरेजने जुने ड्रम भंगारात दिले नव्हते, हे सुदैव. खर्च डिस्कच्या निम्म्याहूनही कमी आला.

२२/ गेल्या रविवारी त्याच घाटातून उतरलो. पाऊस होता, गाडी सरळ थांबत होती. तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि कोणी ‘आधुनिक’ या एकाच शब्दावर तिचे ब्रेक बदलायला सांगत असेल, तर त्याला एवढेच विचारा: पुढे-मागे बल कसे वाटणार? उत्तर आले नाही, तर गाडीची चावी देऊ नका.

शंका, दुरुस्त्या आणि तुमच्या घरच्या गाड्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा. 🙏