दप्तर संगणकात गेले, शिस्त कोठे गेली?

संगमनेरमधील एका माध्यमिक शाळेत गेल्या वर्षी घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. एका शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण पाठवावयाचे होते. त्यासाठी वेतननिश्चितीचे दोन कागद हवे होते. एक जुना, एक अलीकडचा. जुना कागद कपाटातील गठ्ठ्यातून पंधरा मिनिटांत निघाला. अलीकडचा संगणकात होता, आणि तो सापडावयास चार दिवस लागले. संगणकात 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'फायनल', 'फायनल खरे' अशी बाडे होती. ज्या लिपिकांनी ती ठेवली ते निवृत्त होऊन गावी गेलेले. त्यांच्या स्मरणशक्तीवर शाळेचे दप्तर चालले होते, हे ते गेल्यावर सर्वांच्या ध्यानी आले. प्रकरण तेवढे दिवस अडले. प्राध्यापक, ग्रामसेवक, पतसंस्थेतील कर्मचारी यांच्याशी बोलावे, तर थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकू येते.

याची खंत आपल्या जिल्ह्याला अधिक वाटावयास हवी. १९८० च्या दशकात याच जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीचा कारभार मुळापासून लावून घेतला. साचलेल्या कागदांची छाननी झाली, त्यांची वर्गवारी झाली, निरुपयोगी कागद नष्ट करण्यात आले, बैठकव्यवस्थाही बदलली. 'लखिना पॅटर्न' या नावाने तो प्रयोग राज्यभर गाजला आणि इतर कार्यालयांनी त्याचे अनुकरण केले. त्या काळी त्या कचेरीत संगणक नव्हता, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. यंत्राने शिस्त येते ही समजूत किती पोकळ आहे, याचा दाखला आपल्याच घरी आहे.

शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत रूढ आहे. प्रलंबित प्रकरणे, उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. ही विभागणी विषयावर बेतलेली नाही, कागदाचे पुढे काय करावयाचे आहे यावर बेतलेली आहे. तिचे मर्म येथेच आहे. संगणकात नेमके उलटे घडते. आलेला प्रत्येक कागद कायमचा मुक्कामाला राहतो, कारण जागा फुकट आहे. कपाट भरले की निवड करणे भाग पडे. संगणक भरत नाही, म्हणून निवड होत नाही. हेच सहा गठ्ठे संगणकात सहा फोल्डर म्हणून मांडण्यास कोणतीही अडचण नाही. विद्यार्थ्यांना सहाची गरज नाही. चालू सत्र, झालेली सत्रे आणि टाकाऊ अशी तीन खाती त्यांना पुरतील. मात्र आठवड्यातून अर्धा तास टाकाऊ खात्याकडे पाहिले पाहिजे. सर्वांत टाळले जाणारे काम तेच आहे.

यावर तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले असते. संगणकात शोध घेण्याची सोय असताना वर्गवारीची यातायात कशाला? इंग्रजी मजकुरापुरते हे काही अंशी खरे आहे. मराठीचे दुखणे निराळे आहे. आपल्या शाळा-कचेऱ्यांत वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत मजकूर तयार झाला. त्या व्यवस्थेत पडद्यावर दिसणारे अक्षर मराठी असले तरी संगणकाच्या लेखी ते रोमन चिन्हच असते. म्हणून 'वेतननिश्चिती' असे शोधले तर काही हाती लागत नाही, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले; तरी जुन्या टंकाची सवय आपल्याकडे कितीतरी वर्षे सुटली नाही. हे जुने लेखन युनिकोडमध्ये पालटण्याची साधने आज उपलब्ध आहेत. महत्त्वाचे कागद तरी पालटून घ्यावेत. पालटल्यावर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोड वापरले म्हणजे सर्व सुरळीत झाले असेही नाही. संगणकाला देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक ही दोन भिन्न चिन्हे आहेत. एका फाइलच्या नावात एक आणि दुसऱ्या फाइलच्या नावात दुसरे वापरले, तर दोन्ही एका यादीत सलग येतीलच असे नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यापूर्वीचे कागद 'अहमदनगर' या नावाखालीच सापडतील, हे नव्या लिपिकाला कोणी तरी सांगावयास हवे. मोबाइलवर छायाचित्राच्या रूपाने आलेली परिपत्रके तर साध्या शोधात येतच नाहीत. त्यांना मिळाल्या दिवशीच नाव दिले नाही, तर ती गेल्यातच जमा.

नाव देण्याचा उत्तम धडा शासनाच्याच संकेतस्थळावर आहे. प्रत्येक शासन निर्णयाला एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. शिक्षक त्याकडे कटकट म्हणून पाहतात; पण त्याचे पहिले आठ अंक नीट पाहिले तर ते वर्ष, महिना आणि दिवस आहेत. या क्रमामुळे कागद आपोआप कालानुक्रमे लागतात. दिवस आधी लिहिला, तर बारा महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. त्या संकेतांकात विषय मात्र कळत नाही. म्हणून '२०२४-०६-१५ वरिष्ठ वेतनश्रेणी प्रस्ताव' असे दिनांकामागे दोन-तीन शब्दांचे नाव असावे. 'फायनल' हा शब्द नावातून हद्दपारच करावा. एकाच कागदाचे पाच मसुदे असतील तर त्यांना क्रमांक द्यावेत.

प्रतींविषयी थोडक्यात. एकच प्रत, तीही टेबलाच्या खणातील पेन ड्राइव्हमध्ये, ही बेफिकिरी आहे. एक प्रत संगणकात, एक बाहेरील तबकडीवर आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असंख्य कर्मचाऱ्यांजवळ आहे. ते असल्याने फाइलला धड नाव देण्याची सवय लागते, असा अनुभव नाही. दोष त्यांचाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका लिपिकाकडे चार खात्यांची कामे आणि दररोज नव्या माहितीची मागणी असताना छाननीला वेळ मिळणार कोठून? तो मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी दिला पाहिजे. कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या यांची यादी होते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. त्याच यादीला संगणकातील फोल्डरांचे एक पान जोडावे. कोणत्या खात्यात काय आहे आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत, एवढे त्यात असले तरी पुरे. येत्या मे महिन्यात अनेक शाळांतून कर्मचारी निवृत्त होतील. त्यांच्या निरोप समारंभापूर्वी हे पान लिहून घेण्यास एक दुपार पुरेल.