चिरकलेला सूर

आजीच्या पंचाहत्तरीसाठी आमच्या कन्येने एक गाणे मोबाइलवर म्हणून ठेवले होते. वरच्या ‘सा’ला आवाज किंचित चिरकला. “ॲपमध्ये घालून सरळ करते,” ती म्हणाली. मी म्हटले, “कर हवे तर. पण आधी हे ऐक.” आणि बीटल्सचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ लावून दिले.

दोन ओळी होतात न होतात तोच तिने विचारले, “बाबा, ह्यांचा घसा बसलाय का?”

बसलाच होता! ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमध्ये, ॲबी रोडवरच्या स्टुडिओत, बीटल्सनी आपल्या पहिल्या एलपीतल्या १४ पैकी १० गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. जॉन लेननला सर्दी झालेली. घसा फाडून म्हणायचे हे गाणे म्हणून मुद्दाम रात्री, सर्वांत शेवटी ठेवले. पहिल्या खेपेला ते साधले. दुसऱ्या खेपेला आवाजच उरला नव्हता. आपण आजही ऐकतो ती ती पहिली खेप.

मग ‘इफ आय फेल’ लावले, १९६४ चे. त्याच्या स्टिरिओ आवृत्तीत एका उंच सुरावर पॉल मॅकार्टनीचा आवाज क्षणभर तुटतो. मोनो आवृत्तीत ते तुटणे नाही. दोन्ही लागोपाठ ऐकवली. कन्येला तुटलेली आवडली.

तिसरे रोलिंग स्टोन्सचे, १९६९ मधले ‘गिम्मी शेल्टर’. त्यासाठी मेरी क्लेटन ह्या गायिकेला लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास घरून बोलावून आणले होते, तेही ती गरोदर असताना. टिपेला तिचा आवाज चिरकतो आणि मागून मिक जॅगरचा उद्गार ऐकू येतो. मैफिलीत एखाद्या जागेला आपल्या तोंडून ‘वाहवा’ निघावी, तसा! रेकॉर्डवर दोन्ही तसेच ठेवले आहे.

आपल्याकडची रीत निराळी. मायक्रोफोनसमोर श्वास कळू न देता कुठे आणि कसा घ्यायचा, हे लताबाईंना अनिल विश्वास यांनी शिकवले. तिकडे गळ्याचा ताण उघडा राहिला, इकडे श्वास झाकला गेला. पण झाकणे हेसुद्धा गळ्याचेच काम, वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे.

१९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ आले आणि बेसूर आवाज यंत्राने सुरात आणणे सोपे झाले. आता ती सोय खिशातल्या फोनवर आहे. यंत्राशी माझे वैर नाही. गंमत म्हणून, एखादे वाद्य म्हणून ते जरूर वापरावे. पण घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी म्हटलेले गाणेही आपण सवयीने त्यातून काढू लागलो, तर मात्र काहीतरी हरवते. यंत्राला चूक कळते. त्या चुकीमागची सर्दी, मध्यरात्र, माणूस कळत नाही. वाचकांनी एखाद्या रविवारी मुलांना शेजारी बसवून जुनी गाणी हेडफोनवर पुन्हा ऐकावीत. पाठ असलेल्या गाण्यातही एखादा दबलेला हुंदका, एखादे हसू नव्याने सापडते.

कन्येने गाणे होते तसेच आजीला पाठवले. आईने दोनदा ऐकले. मग म्हणाली, “वरच्या सुराला हिचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा चिरकतो.”

बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या गाण्याची एकही फीत आमच्याकडे नाही.