बोट घेणं सोपं, सोडणं अवघड

शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी एका मरीनात फिरत होतो. धक्क्याला बांधलेल्या कितीतरी बोटींवर शेवाळ चढलेलं, शिडं फाटलेली, मालकाचा पत्ता नाही. आणि नवीन बोट लावायला म्हणे जागा नाही!

आधी वाटलं, लोकच बेफिकीर. पण घरी येऊन जरा वाचलं आणि मत बदललं. १९६० नंतर बोटी सर्रास फायबरग्लासच्या होऊ लागल्या. हे फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही की लोखंडासारखं वितळवता येत नाही. जुनी बोट मोडीत काढायचा खर्च बरेचदा तिच्या किमतीहून जास्त. मग मालक भाडं थांबवतो आणि गायब होतो. आमच्या भाषेत हा मेमरी लीक! मेमरी घेतली, परत करायचा कोड लिहिलाच नाही.

फ्रान्सने २०१९ पासून हा कोड लिहिलाय. बोटी बनवणारे आणि आयात करणारे पैसे भरतात, त्यातून जुन्या बोटी फुकट मोडल्या जातात. मालकाने फक्त तिथवर न्यायची.

मला हेच पटतं. बोट थोडी महाग होईल? होऊ दे की. शेवटच्या मालकाची मानगूट धरून काय मिळणार? त्याच्याकडे पैसे असते, तर बोट अशी पडून राहिलीच नसती.