नऊ वाजता आधी कोण?

पुण्याजवळच्या दोन गावांना चांदे-नांदे म्हणा किंवा नांदे-चांदे, एक गाव आधी घ्यावेच लागते. जिभेला दोन्ही नावे एकदम उच्चारता येत नाहीत. शेजारच्या हिंजवडीतल्या संगणकांचीही हीच अडचण आहे. फक्त तिथे कुणाचे नाव आधी घेतले ते ऐकू येत नाही.

एखाद्या कंपनीच्या वाहनतळाचे सिम्युलेशन घ्या. तळ पूर्ण भरलेला. ठीक ९ वाजता एक गाडी बाहेर पडते आणि ठीक ९ वाजताच दुसरी फाटकाशी येते. बाहेर पडणारी आधी धरली तर येणारीला जागा मिळते. येणारी आधी धरली तर ती परत जाते. घड्याळ तेच. अहवालातला ‘परत गेलेल्या गाड्या’ हा आकडा मात्र बदलतो.

मग आधी कोण, हे ठरवले कुणी? बहुधा कुणीच नाही. ‘सिमपाय’ या सिम्युलेशनच्या साधनात वेळ आणि प्राधान्य सारखे असले, की यादीत आधी नोंदलेली घटना आधी घडते. कोड लिहिणाऱ्याच्या हातून कुठली ओळ वर पडली, एवढ्यावर एका गाडीचे नशीब ठरते. बर्नार्ड झिगलर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या ‘डेव्ह्स’ या सिम्युलेशन-पद्धतीत अशा वेळी कोणाला आधी घ्यायचे, याचा नियम मॉडेल करणाऱ्यानेच द्यायचा असतो. तेव्हा दुखणे नवे नाही.

असे क्वचितच घडते, हे ठरलेले उत्तर. गाड्यांच्या वेळा यादृच्छिक घेतल्या तर ते खरेही आहे. पण आपण बस दर १० मिनिटांनी सोडतो आणि पाळी तासाच्या ठोक्याला बदलतो. गोल आकडे भरले, की गाठ रोजचीच.

डीबगर लावा आणि एकेक घटना पुढे सरकवा. घड्याळ ९ वर खिळलेले दिसते आणि त्याच क्षणाच्या पोटात चार-पाच घटना रांगेने उरकतात. आलेखात तिथे एकच टिंब असते. कधी उलटाही प्रकार सापडतो. ०.१ दहा वेळा मिळवले, की संगणकाचा १ केसभर कमी भरतो आणि बरोबरीची घटना आधीच होऊन जाते.

बरोबरी निवडणुकीतही होते. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मते पडली. चिठ्ठी टाकून निकाल लावला. चिठ्ठीत शहाणपण कसले? पण ती टाकली, हे हरलेल्यालाही ठाऊक होते. सिम्युलेशनच्या अहवालात रंगीत आलेख असतात, दशांशाच्या दोन घरांपर्यंत सरासरी असते. बरोबरी कशी सोडवली, याची एक ओळ नसते. पुढच्या सादरीकरणात कुणीतरी एवढेच विचारावे: कोडमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल करून पुन्हा चालवून पाहिले होते का?